गावची वरकस, मुंबईचा मालक: पडून असलेल्या जमिनीवर पहिली तीन वर्षं

दर गणपतीत आमच्या घरी एक विषय ठरलेला असतो. आरती झाली, जेवणं उरकली, पडवीत सतरंजी पडली की भांडुपचे, दिव्याचे, नालासोपाऱ्याचे सगळे भाऊबंद वरच्या डोंगराकडे बोट दाखवतात. "एवढी जमीन पडून आहे, काहीतरी केलं पाहिजे." विसर्जन होतं, तुतारी एक्स्प्रेस सुटते आणि पनवेल यायच्या आत विषय मिटतो. वीसेक वर्षं हेच चाललं. मग एका जूनमध्ये मी खरंच काजूची १२० कलमं लावली. फेब्रुवारीत वणवा आला. मार्चमध्ये मोजली तेव्हा ११ उरली होती.

तेव्हा काका जे बोलले ते मी भांडुपच्या घरात कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलंय. "झाडा लावूक कोणय लावता. जगवतलो कोण?"

हा लेख त्या प्रश्नाभोवतीच आहे. आमची जमीन कणकवली तालुक्यातली, म्हणून तपशील तिथले. पण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्याची वरकस आहे आणि जो मुंबईत राहतो, त्याला यातलं बरंचसं लागू पडेल. वरकस म्हणजे भातशेतीही नाही आणि बागायतही नाही अशी उतारावरची, हलक्या मातीची जमीन. पूर्वी तिथे नाचणी, वरी, हरीक व्हायचं, गवत कापलं जायचं, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या वाफ्याच्या) भाजावळीसाठी कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडली जायची. ती 'पडीक' झाली ती माणसं गिरणगावात आली म्हणून. (तुमची जमीन खाडीकाठची खार असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. तिथला प्रश्न मिठाचा आणि बांधाचा. पनवेलला त्यासाठी वेगळं खार जमीन संशोधन केंद्र आहे, भाताच्या खारवट वाणांसाठी तिथे विचारा.)

पहिलं काम मुंबईतच: कागद

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. लोकलमध्ये उभ्याउभ्या काढता येतो. काढायला मिनिट लागतं, वाचायला मात्र एक रविवार द्या.

क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे साधारण एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. त्याखाली पोटखराबा पाहा. वरकस जमिनीत हा आकडा मोठा असतो आणि लोक त्याला घाबरतात. वर्ग 'अ' म्हणजे खडक, चर, उतार अशा कारणांनी लागवडीखाली न आलेली जागा. ती सुधारून लागवडीखाली आणता येते आणि तशी नोंदही करून घेता येते. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, तळं, स्मशान असल्या सार्वजनिक कामाची जागा. तिच्यावर खड्डे मारू नका.

मग 'इतर हक्क'. इथे कुळाचं नाव असेल तर थांबा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासूनचे कुळवहिवाटीचे विषय अजून कित्येक सातबाऱ्यांवर बसून आहेत. 'खासगी वन' किंवा 'वनसंज्ञा' असा शेरा असेल तरीही थांबा. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने मुलुंडमधल्या इमारतींनाही घाम फोडला होता, तुमच्या काजूचं काय घेऊन बसलात! असा शेरा असेल तर आधी तहसील आणि वनखातं, मग कुदळ.

आमच्या सातबाऱ्यावर १७ नावं होती. त्यातली चार माणसं वारलेली, त्यांची वारसनोंद नाही. वाटप करायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून होतं. पण त्यासाठी सगळ्यांची संमती लागते, आणि ती गावात मिळत नाही. ती मिळते मुंबईत. आमच्या ग्रामस्थ मंडळाची लालबागला खोली आहे, पूर्वी गिरणीत कामाला आलेले गाववाले तिथे पाळीपाळीने झोपायचे. तिथे तीन रविवार बसलो. पहिल्या रविवारी पंचवीस वर्षांपूर्वीच्या फणसावरून भांडण झालं, दुसऱ्या रविवारी कोणी आलं नाही, तिसऱ्या रविवारी सह्या झाल्या. वाटप नाही झालं, पण निदान लेखी संमतीपत्र झालं: अमुक हिश्शात मी झाडं लावणार, खर्च माझा, उत्पन्नाची वाटणी अशी. संपूर्ण वाटपाची वाट बघत बसाल तर नातू लावतील झाडं. नवख्यांना मी हेच सांगतो, संमतीपत्र घ्या आणि कामाला लागा.

हद्द नक्की नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) हद्द धरू नका. गडगा सरकतो.

मग मे महिन्यात: जमीन नुसती फिरा

मुंबईकराचा स्वभाव असा की गावी पोचल्या पोचल्या जेसीबी सांगायचा. सांगू नका. पहिल्या मे महिन्यात फक्त एक पहार, एक बादली, चुन्याची पिशवी आणि जमीन माहीत असलेलं एक म्हातारं माणूस एवढंच घेऊन चढा.

दर तीस-चाळीस पावलांवर पहार मारायची. आवाजावरून कळतं. वितीभर जाऊन 'ठण्ण' वाजली तर खाली जांभा अखंड आहे. 'धप्प' करत हातभर गेली तर तिथे झाड उभं राहील, चुन्याची खूण करा. मी पहार मारत होतो आणि काका न मारताच सांगत होते. ते वरच्या झाडांकडे बघत होते. ऐन आणि किंजळ सरळ वाढलेत तिथे खाली माती आहे, नुसती करवंदाची जाळी आहे तिथे भेगा आहेत पण माती बेताची, आणि पावसाळ्यानंतर नुसतं आखूड गवत राहतं तिथे काही नाही. आमचे अंदाज दहापैकी आठ ठिकाणी जुळले. उरलेल्या दोन ठिकाणी काका बरोबर होते.

खूण केलेल्या दोन-चार जागी खड्डा मारून त्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर ती जागा काजूची नाही. पावसात मुळं कुजतील.

या फिरण्यातून जमिनीचे आपोआप तीन तुकडे पडतात.

वरचा कातळ, ज्याला आम्ही सडा म्हणतो. तो सोडून द्या. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून गावात माझं दोघांशी वाजलं आहे. सुरुंग लावून, खड्डे फोडून, बाहेरची माती भरून सड्यावर आंबा उभा करणारे लोक आहेत. पैसा असेल तर झाड उभं राहतंही. पण ती जमीन 'वाया' गेलेली नसते. पावसाळ्यात तिथल्या वितभर पाण्यात गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, दुसरीकडे न सापडणारी काही झाडं नेमकी अशाच सड्यांवर आहेत, आणि खालच्या वहाळाचं (ओढ्याचं) पाणीही तिथूनच झिरपत येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं अशाच उघड्या सड्यांवर आहेत आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या कातळावर एखादी रेघ, चौकट, मासा कोरलेला दिसला तर जेसीबी तर नाहीच, खराटासुद्धा जपून मारा.

मधला उतार ही तुमची खरी जमीन. काजू, बांबू, गवत, करवंद.

खालचा पट्टा, वहाळाच्या जवळचा, सावलीचा. कोकम, फणस, जांभूळ.

आता असलेली झाडं. 'साफसफाई' या नावाखाली ती तोडायची आणि सरपणाच्या ठेकेदाराला द्यायची हा वरकसवरचा सर्वात जुना धंदा. खैर, किंजळ, ऐन, फणस, आंबा, जांभूळ ही अनुसूचित झाडं आहेत, १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी नव्या कलमाला पहिल्या उन्हाळ्यात तिरकी सावली लागते आणि पातेरा (गळलेला पाला) लागतो. तो ही झाडं फुकट देतात. पूर्वी तुटलेल्या ऐन-किंजळीच्या खुंटांना फुटव्यांचे झुबके असतील. त्यातले दोन सरळ ठेवा, बाकी काढा. नवं झाड लावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात होतं, आणि त्याला पाणी घालावं लागत नाही.

पाणी: आडवं अडवा

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे एका गुंठ्यावर वर्षाला तीन लाख लिटर. आणि तरी मार्चमध्ये बाया डोक्यावरून हंडे आणतात. पाणी येतं आणि उतारावरून माती घेऊन चार महिन्यांत निघून जातं.

त्यासाठी समपातळीत चर काढायचे. समपातळी मोजायला हजारो रुपयांचं यंत्र नको. सारख्या लांबीच्या, साधारण पुरुषभर उंच दोन काठ्या वरच्या टोकाला बांधा, पाय फाकवा आणि मध्ये एक आडवी काठी बांधा. इंग्रजी 'ए' अक्षर तयार होतं. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला दगड लटकवा. आता ही चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करा. मग दोन्ही पायांच्या जागा तशाच ठेवून चौकट उलट फिरवा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण. दोरी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. एक पाय स्थिर ठेवून दुसरा फिरवत फिरवत डोंगरभर चालायचं आणि प्रत्येक पावलाला चुना टाकायचा. आमच्या पुतण्याने, जो आठवीत आहे आणि भूमितीत नापास होतो, दुपारी दोन ते पाच या वेळात चार ओळी आखल्या.

त्या ओळींवर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर. निघालेली माती खालच्या अंगाला रचायची, आणि पहिल्या पावसाबरोबर त्या मातीवर वाळ्याचे ठोंब किंवा गिरिपुष्पाचे फाटे लावायचे. वाळ्याची मुळं माती धरतात. गिरिपुष्पाचा पाला आयता खताला होतो आणि गुरंही त्याच्या फारशी मागे लागत नाहीत. उतार खूप उभा असेल तर मात्र चर नको. तिथे पाणी जास्त मुरलं तर माती सुटून खाली येते. अशा जागी दगडी बांध आणि गवत पुरे.

आग: ज्याने मला शिकवलं

वणवा नोव्हेंबरात ठरतो, फेब्रुवारीत फक्त लागतो. गवत उभं वाळलं की कोणाची तरी विडी, कोणाची तरी शेजारची भाजावळ, किंवा गुरांना कोवळं गवत फुटावं म्हणून मुद्दाम लावलेली काडी पुरते. गुन्हेगार शोधायच्या भानगडीत पडू नका, सापडत नाही आणि सापडला तर तो चुलतभाऊ असतो.

दिवाळीला गावी जाता ना? तेव्हाच गवत कापून घ्या. गुरंवाल्यांना सांगा, 'कापा आणि न्या, पैसे नकोत.' आमच्याकडे यावर दोन दिवसांत अर्धा डोंगर मोकळा झाला. मग हद्दीने चारही बाजूंनी दहा-बारा फुटांचा पट्टा तासून, पातेरा झाडून उघडा करायचा. ही जाळरेषा. जानेवारीत ती पुन्हा एकदा झाडावी लागते, कारण तोवर पानगळ झालेली असते. प्रत्येक कलमाभोवतीही तीन-चार फूट गवत नको. आच्छादन घाला, पण ते त्या वर्तुळाच्या आतच, खोडापासून वीतभर लांब, आणि वर दगड ठेवून.

जानेवारीच्या झाडणीची मजुरी हा माझ्या वर्षाच्या हिशोबातला सर्वात चांगला खर्च आहे.

लागवड: कमी लावा

१२० कलमांची चूक माझी दुहेरी होती. आग हा एक भाग. पण आग नसती तरी त्यातली अर्धी उन्हाने गेली असती. हिशोब करा. पहिले दोन-तीन उन्हाळे कलमाला पंधरा दिवसांनी एकदा दहा-पंधरा लिटर पाणी हवं. चाळीस कलमांना एका पाळीला सहाशे लिटर. एका माणसाला, खालच्या विहिरीवरून पाइप किंवा टाकी असेल तर, एका सकाळीत होतं. १२० कलमांना अठराशे लिटर, आणि ते कोण घालणार, तर तुम्ही भांडुपला आणि काका सत्तरीचे. म्हणून पहिल्या वर्षी किती लावायची हे जमिनीवरून ठरवू नका. एप्रिलमध्ये पाणी घालणारे हात किती आहेत त्यावरून ठरवा. माझं उत्तर ४० आलं. तुमचं १५ आलं तर १५.

काजूसाठी सात बाय सात मीटर अंतर, हेक्टरी साधारण २०० झाडं बसतात. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल, तो मे महिन्यातच मारून उन्हात तापू द्यायचा. वरची माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेलं घातलंत तर वाळवीला निमंत्रण. वाण वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ वगैरे. कलम खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, शक्यतो दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या रोपवाटिकेतून. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि जोडाखालून येणारी फूट दर खेपेला खुडली पाहिजे. हे न केल्यामुळे आमच्या एका भावाकडे आज सुंदर, उंच, डेरेदार रायवळ काजू उभे आहेत. वेंगुर्ल्याची वरची कलमकाडी कधीच मेली. झाडं चार-पाच वर्षांची झाली की बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसतो का बघत राहा. तो रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी. लवकर दिसला तर तारेने अळी काढता येते, उशिरा दिसला तर झाड जातं.

कोकमाची गोष्ट वेगळी. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून रोपं केली तर जवळजवळ अर्धी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. मला एका रोपवाटिकेने 'कलमं' म्हणून वीस झाडं दिली होती. बुंध्याला जोडाची खूणच नव्हती, आणि ती बघायची असते हे मला माहीत नव्हतं. आता त्यातली नऊ नर आहेत, मस्त सावली देतात. तेव्हा जोड बोटाने चाचपून घ्या आणि विद्यापीठाचा कोकण अमृता वाण मागा. फळं पावसाच्या तोंडावर येतात, वळीव लवकर आला तर सालं वाळवायची पंचाईत होते, हे गृहीत धरा.

फणसाचं रोप मुंबईहून पिशवीत घालून नेऊ नका. मीही गॅलरीत रोपं केली होती. आठळी गऱ्यातून काढल्यावर फार दिवस टिकत नाही आणि सोटमूळ हलवलेलं तिला आवडत नाही. जूनच्या पहिल्या पावसात जागेवरच दोन-दोन आठळ्या टोचा, भोवती करवंदाच्या काट्या घाला.

बांबू लावायचा तर माणगा. भरीव, सरळ, कुडाळ-कणकवलीकडे लोकांना त्याची सवय आहे, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठी निघते. खासगी जमिनीतला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बाहेर आला, त्यामुळे तोडीच्या वाहतुकीची पूर्वीची कटकट कमी झाली. दूर राहणाऱ्या मालकाला बांबूइतकं क्षमाशील पीक दुसरं नाही. पावसाळ्यातला कोवळा कोंब तेवढा माकडांपासून आणि डुकरांपासून वाचवा.

नाचणी? मोह होतो, भाकरी आवडते. पण रोप, लावणी, बेणणी (तण काढणं), राखण, सगळं माणसांचं काम. गावातलं कोणी अर्धेलीने (निम्म्या वाट्याने) करणार असेल तर काजूच्या ओळींमध्ये पहिली दोन वर्षं जरूर करू द्या, बेणणीत कलमांची आळीही साफ होतात. स्वतः मुंबईहून नाचणी करायला जाऊ नका.

अनुदान हवं असेल तर क्रम महत्त्वाचा: आधी अर्ज, पूर्वसंमती, मग लागवड. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणात किमान १० गुंठे चालतात आणि रक्कम तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के अशी मिळते, तीही झाडं जगली असतील तरच. सहखातेदारांचं संमतीपत्र इथेही लागतं. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) लावून झाल्यावर भेटून उपयोग नाही. शिवाय ई-पीक पाहणी. हे ॲप मुंबईतून चालत नाही, जमिनीवर उभं राहूनच फोटो घ्यावा लागतो. गणपतीला गेलात की पाच मिनिटं त्यासाठी काढा, म्हणजे सातबाऱ्यावर 'पड' जाऊन झाडं येतील.

वर्षातल्या खेपा

रेल्वेची आरक्षणं ६० दिवस आधी उघडतात, त्या तारखा आधी लिहून ठेवा. मे अखेर खड्डे, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागवड, गणपतीत फूट खुडणं आणि पीक पाहणी, दिवाळीत गवत, जानेवारीत जाळरेषा, शिमग्याला पाण्याची पाळी बरोबर चाललीय का ते पाहणं. सहा खेपा. दोन चुकल्या तर चालतील, पण दिवाळीची आणि जानेवारीची नाही.

या खेपांच्या मधे तिथे कोणीतरी हवं, आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे द्या, 'बघा जरा' म्हणून सोडू नका. आमच्याकडे वाडीतली एक वहिनी पाणी घालते. प्रत्येक कलमाला पत्र्याचा नंबर लावलाय आणि ती दर पाळीला मेलेल्या झाडाचे नंबर फोनवर सांगते. पहिल्या वर्षी तिने संकोचाने कमी सांगितले. मी म्हटलं, "वहिनी, मेलेलं झाड सांगितलंत तर पैसे कापणार नाही, लपवलंत तर पुढच्या जूनमध्ये खड्डा रिकामा जाईल." तेव्हापासून यादी बरोबर येते. यंदाच्या एप्रिलची यादी: ७, १२, १३, ३१, ३८. म्हणजे पाच कलमं. रोपवाटिकेत आत्ताच सांगून ठेवली आहेत, कारण जूनमध्ये सगळा तालुका रांगेत असतो.